दिनकरच्या संगणकाच्या दोन बाजू

“अखेरच्या तीन-चार वर्षांत बाबांना फारसे काही आठवत नसे. दुकानात बसून दिवसभर ते संगणक बंद करीत आणि पुन्हा चालू करीत. भर दुपारी ‘आता कुठं उजाडलं’ असे गिऱ्हाइकांना सांगत. जिवलग मित्राच्याच घरच्या लग्नपत्रिकेत त्यांनी दिवंगत माणसाला निमंत्रक म्हणून छापले, तेव्हा आम्ही ओळखले की आता त्यांना विश्रांती द्यायला हवी. त्या मित्रानेही मोठ्या मनाने भर मांडवात सांगितले होते, ‘दिनकर आता थकला. त्याला आठवत नाही.’ ”

हा उतारा याच पुरवणीत तीन आठवड्यांपूर्वी आला. लिहिणारा राजेंद्र हा दिनकरचा मुलगा आणि माझा विद्यार्थी. त्याने तो प्रेमाने लिहिला, भाषाही नीटनेटकी राखली; निबंध म्हणून मी त्याला उत्तम गुण दिले असते. साक्ष म्हणून मात्र मी तो नापास करतो. उताऱ्यातला ‘जिवलग मित्र’ मी आहे. मांडवातले ते वाक्य मी बोललो, हे खरे. मी बोललो ते मात्र खरे नव्हते. ऐंशीच्या घरात आलेल्या माणसाला वादाचा कंटाळा येतो... मलाही आलेला आहे. आयुष्यभर पुष्कळ भांडलो, आणि त्यातली निम्मी भांडणे कशावरून झाली हे आज सांगता येणार नाही. तरीही एका पूर्ण शुद्धीतल्या माणसाची नोंद ‘स्मरण गेलेला म्हातारा’ अशी राहणार असेल, आणि त्या नोंदीला आधार म्हणून माझेच वाक्य दिले जाणार असेल, तर मला स्वस्थ बसता येणार नाही.

दिनकर गेल्याचे कळले तेव्हा मी अंगणात वर्तमानपत्र वाचत होतो. राजेंद्रचा फोन आला. “सर, बाबा गेले,” एवढेच तो म्हणाला आणि मीही “येतो” एवढेच म्हणालो. माझ्या घरापासून त्याचे घर बाजारगल्लीतून चालत सात मिनिटांवर आहे. वाटेत त्याचे दुकान लागते. त्याचे शटर खाली होते. ते गेले दीड वर्ष खालीच होते, पण त्या सकाळी मी तिथे थांबलो आणि का थांबलो ते माझे मलाच कळेना. दहाव्याच्या दिवशी ओट्यावर लोक जमले होते. कोणी म्हणाले, “शेवटी शेवटी लेकरावानी झाले होते.” दुसरे एक गृहस्थ म्हणाले, “मले तं त्यायनं ओयखलंच नाई.” त्या गृहस्थांना दिनकर धडधाकट असतानाही ओळख देत नसे, ही गोष्ट वेगळी. खोडून काढण्यासारखे प्रत्येकच वाक्य होते आणि खोडण्याचा अधिकार मी गमावलेला होता.

दिनकर आणि मी अमडापूरच्या एकाच आळीत वाढलो. पुढे मी शिक्षक झालो, त्याच गावी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तो खामगावला टायपिंग शिकला, तिथल्याच एका इन्स्टिट्यूटमध्ये काही वर्षे शिकवत राहिला आणि मग गावी परतून बाजारगल्लीत त्याने ‘अक्षर’ नावाचे दुकान घातले. दोन टाइपरायटर, एक बाकडे, भिंतीवर कळफलकाचा तक्ता. अर्ज, करारपत्रे, शाळांच्या प्रश्नपत्रिका असे सगळे तो टंकून देई. टाइपरायटरचे दिवस संपले तसा त्याने संगणक आणला, आणि तेव्हापासून त्याचे मुख्य काम लग्नपत्रिकांचे झाले. छपाई खामगावच्या छापखान्यात होत असे. मजकूर जुळवून देणे हे दिनकरचे काम. हे काम सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या भागातली पत्रिका नीट पाहिलेली नाही. तीत वधूवरांची नावे दोन ओळींत आटोपतात. खरी पत्रिका त्यानंतर सुरू होते. निमंत्रक कोण, त्यांत पहिला कोण, चुलत्यांचा क्रम वयाने की मानाने, जावई कोणत्या रकान्यात, मामाकडची मंडळी वेगळ्या चौकटीत की खाली, गेलेल्या वडीलधाऱ्याचा उल्लेख कोठे... एक नाव एका ओळीने खाली गेले तर दोन घरे पाच वर्षे एकमेकांचे पाणी पीत नाहीत. दिनकरकडे प्रत्येक घराची पत्रिका जपून ठेवलेली असे. त्या घरात पुढचे लग्न निघाले की तो जुनी पत्रिका बाहेर काढी, मधल्या काळात जे गेले त्यांना वरच्या ओळीतून काढून ‘कै.’ लावी, ज्या सुना आल्या त्यांना जागा करी, आणि वेगळे राहू लागलेल्या भावांना बेताने दोन ओळींत बसवी. चिखली तालुक्यातल्या कित्येक घराण्यांत कोण कोणाचा कोण, हे त्या घरांपेक्षा त्याला अधिक ठाऊक होते.

हा सगळा साठा मराठी अक्षरजुळणीच्या एका जुन्या संगणकीय कार्यक्रमात, म्हणजे प्रोग्रॅममध्ये होता. तो कार्यक्रम फक्त जुन्या विंडोजवर चाले, आणि तोही संगणकाच्या पाठीमागे अंगठ्याएवढे एक ‘कुलूप’ खोचलेले असेल तरच. कुलूप काढले की कार्यक्रम उघडत नसे. आणि तो उघडला नाही की साठवलेल्या पत्रिकांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. कुलूप बनवणाऱ्यांनी आपला धंदा केव्हाच बंद केला होता. एके दिवशी दिनकरने ते बाहेर काढून, फुंकर मारून, माझ्या तळहातावर ठेवले. “मास्तर, हे मेलं ना, तं अर्धा तालुका मेला पा.” त्याचे म्हणणे बरोबर होते. दुसरीकडे, ऑनलाइन अर्जांची कामे आणि नव्या पद्धतीचा मराठी मजकूर यांना ती जुनी विंडोज पुरी पडत नव्हती, आणि नव्या विंडोजवर तो जुना कार्यक्रम चालत नव्हता. गिऱ्हाइके पेनड्राइव्हमधून फोटोंसोबत व्हायरस आणीत, ते निराळेच.

राजेंद्रने आपल्या लेखात पुढे एके ठिकाणी लिहिले आहे की बाबांच्या हट्टापायी ‘कोणीतरी’ त्यांच्या संगणकात दोन प्रणाली टाकून दिल्या. कोणीतरी नव्हे. ते काम दिनकरने स्वतः केले आणि मी शेजारी बसलो होतो. एकाच संगणकात जुनी विंडोज तशीच राहू द्यायची आणि डिस्कच्या दुसऱ्या भागात लिनक्स ही फुकट मिळणारी नवी प्रणाली बसवायची, म्हणजे संगणक चालू करताना जी हवी ती बाजू निवडता येते, ही कल्पना त्याने कोठेतरी वाचली होती. सूचनांची पंधरा-वीस पाने त्याने छापून आणली. ती इंग्रजीत होती म्हणून वाचून अर्थ सांगायला मला बसवले. “एका घरात दोन चुली मांडाच्या, मास्तर,” तो म्हणाला, “भांडण नाई झालं पाह्यजे, बस.” पहिला दिवस सगळ्या पत्रिकांच्या सीडी काढण्यात गेला. मी म्हटले, “एवढे कशाला? मार्गदर्शिकेत तर लिहिले आहे की काही जात नाही.” तो हसला. “लिवणाऱ्याचं काय जाते?”

दुसऱ्या दिवशी डिस्कची वाटणी झाली. पडद्यावर एक आडवी पट्टी दिसत होती आणि तिच्यात मध्ये एक खूण इकडेतिकडे सरकवता येत होती. खुणेवर बोट ठेवून, शेताचा बांध दाखवावा तसे, दिनकरने मला विचारले, “बोला, धुरा कुठं टाकू? कोणाले किती एकर?” मी म्हणालो, निम्मे निम्मे कर. तो म्हणाला, “नाई. जुन्याले कमीच देतो. थो आता वाढणार नाई.” आणि खूण जुन्याच्या बाजूला सरकवली. हे वाक्य त्याने अगदी सहज उच्चारले होते. त्या वेळी मला ते केवळ हिशेबी वाटले.

लिनक्स बसले, संगणक पुन्हा चालू झाला, आणि सरळ नवीच बाजू उघडली. निवड विचारलीच नाही. पुन्हा बंद करून पाहिले; पुन्हा तेच. जुनी विंडोज कोठेच दिसेना. माझा संयम सुटला. “तुला सांगत होतो मी, दिनकर! चालत्या गोष्टीला हात लावू नये. अर्धा तालुका कुलपासकट घालवलास!” त्याने मान वर केली नाही. चष्मा पुसला, परत घातला. “गेला नाई, मास्तर. हाय थो तठीच. याले दिसून नाई राह्यला. चष्मा नसला की तुमी नाई का मले कव्हा कव्हा ओयखत, तसं हाय.” मग त्याने सूचनांचे शेवटचे पान मागितले. ते पान परिशिष्टासारखे वाटल्यामुळे मी बाजूला ठेवून दिले होते. त्यात लिहिले होते की असे झाल्यास निवडीची यादी नव्याने तयार करून घ्यावी, आणि त्यासाठीची एक ओळ दिली होती. दिनकरने ती एकेक अक्षर तपासत टंकली, संगणक पुन्हा चालू केला, आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. वर नवी प्रणाली, खाली जुनी. “आला बे, आला!” तो खुर्चीतून उठलाच. त्या पडद्याला पुढे त्याने ‘फाटा’ असे नाव दिले. फाट्यावर संगणक दहा सेकंद थांबे; कुठे जायचे ते तेवढ्यात सांगायचे. ते दोन दिवस मी पाहिलेले आहेत. डोके ठिकाणावर नसलेला जर कोणी त्या दुकानात होता, तर तो दिनकर नव्हता.

आता ‘दिवसभर बंद-चालू’ या आरोपाकडे येतो. जुन्या पत्रिका नव्या बाजूला नेण्यासाठी आयते रूपांतर करणारे साधन त्याने आणून पाहिले. त्याने जोडाक्षरांची वाट लावली. “कृष्णरावचा पार कचरा केला पा यानं,” म्हणून त्याने ते काढून टाकले आणि ठरवले की प्रत्येक घराची पत्रिका स्वतः नव्याने टंकायची. दुकानातला छोटा प्रिंटर फक्त जुन्या बाजूतूनच चाले. नव्या बाजूला तो ओळखू येत नव्हता. म्हणून कामाची रीत अशी झाली : जुन्या बाजूत जाऊन पत्रिका कागदावर काढायची, संगणक बंद करून नव्या बाजूत यायचे, कागद समोर ठेवून मजकूर टंकायचा, मधल्या काळात गेलेली आणि आलेली माणसे दुरुस्त करायची, मग तयार पानाचे चित्र करून त्याची तपासणीची प्रत काढण्यासाठी पुन्हा जुनी बाजू. एका घरामागे निदान दोन फेरे, आणि तो जुना संगणक एका फेऱ्याला चार मिनिटे घेई. ती चार मिनिटे दिनकर दुकानाच्या दारात उभा राहून रस्ता पाही. लोकांना दिसत होता तो एवढाच : म्हातारा संगणक बंद करतो, दारात उभा राहतो, परत जाऊन चालू करतो. आत येऊन विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. राजेंद्रने तर नाहीच.

‘भर दुपारी उजाडले’ ही गोष्ट त्याहून सोपी आहे. दोन प्रणाली घड्याळ वेगवेगळ्या रीतीने धरतात. नवी बाजू विलायतेची वेळ धरून त्यावर आपले साडेपाच तास मिळवते. जुनी बाजू तीच वेळ आपली समजते. त्यामुळे नव्या बाजूतून जुन्या बाजूत आले की कोपऱ्यातले घड्याळ साडेपाच तास मागे जाई. बारा वाजता तिथे सकाळचे साडेसहा दिसत. हे दुरुस्त करता येते हे दिनकरला ठाऊक होते. मीच ते वाचून दाखवले होते. त्याने ते मुद्दामच तसे राहू दिले. “असू द्या. कोपऱ्यात सकाळ दिसली की मले समजते मी जुन्या बाजूले हाव म्हणून.” एखादे गिऱ्हाईक घाई करू लागले की तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणे, “काऊन घाई करता? आपल्या दुकानात आता कुठं उजाडलं.” गिऱ्हाईक हसे, बसे, चहा घेई. या विनोदाचे आजाराच्या लक्षणात रूपांतर व्हावे, आणि तेही घरच्या माणसाकडून... असो.

उरते ती पत्रिका. माझ्या नातीचे लग्न साखरखेर्ड्याच्या एका घरात ठरले होते. माझे थोरले बंधू त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. पत्रिका छापून आली, वाटली गेली, आणि तीत निमंत्रकांच्या पहिल्या ओळीवर बंधूंचे नाव जिवंत माणसासारखे होते. त्यांचा मुलगा अशोक, थोरल्या घरचा म्हणून ज्याचे नाव तिथे हवे होते, त्याचा उल्लेखच नव्हता. लग्नाच्या दिवशी अशोक मांडवाच्या तोंडाशी पत्रिका हातात धरून उभा राहिला. आत पाऊल टाकेना. “काका, माहा बाप जित्ता हाय का मेला, थे सांगा बरं या लोकायले.” साखरखेर्ड्याची मंडळी वऱ्हाडाच्या बसमधून नुकतीच उतरली होती. सगळा मांडव वळून माझ्याकडे पाहू लागला. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवलेला मी. गावात कोणाच्या अर्जात चूक निघाली तर लोक म्हणत, मास्तरले दाखवला नव्हता वाटते. दिनकर दोन खुर्च्या सोडून बसला होता. मी त्याच्याकडे हात केला आणि ते वाक्य बोललो : दिनकर आता थकला. त्याला आठवत नाही.

दिनकरने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग तो उठला, अशोकजवळ गेला आणि म्हणाला, “हाव. थकलो मी. चुकलं माह्याच्यानं. माफ करजा, अशोकभाऊ.” अशोक त्याच्यावर कसा चिडणार? तो आत आला. अशोकची आई, म्हणजे माझ्या वहिनी, मांडवाच्या कडेला बायकांत बसल्या होत्या, त्यांनी पत्रिका मागून घेतली, नावावरून बोट फिरवले आणि मला म्हणाल्या, “राहू द्या न भाऊजी. नातीच्या लग्नाले त्यायनं बोलावलं, वाईट काय झालं त्याच्यात?” लग्न पार पडले. त्याच आठवड्यात राजेंद्रने दुकानाची किल्ली आपल्याकडे घेतली. “बाबा, आता आराम करा.” दिनकरने किल्ली दिली. मी हे ऐकले आणि राजेंद्रकडे गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असे म्हणत राहिलो. ज्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवते त्याला शब्द मागे घेणे फार जड जाते. आणि जितके दिवस जातात तितके ते अधिक जड होते. या दीड वर्षात मी दिनकरकडे आठवड्यातून एकदा जात असे. त्याने एकदाही तो विषय काढला नाही. मीही नाही.

शेवटचा भेटलो तो जाण्याच्या पंधरा दिवस आधी. पुढच्या खोलीत पंख्याखाली खाटेवर पडून होता. छातीत कफ होता, आवाज खोल गेला होता. “खेर्ड्याची पोरगी कशी हाय?” त्याने विचारले. नात बरी आहे म्हणालो. “तिच्या सासूचा डोया झाला का?” झाला होता, मोतीबिंदूचे ते ऑपरेशन झाले हे मी विसरलो होतो, त्याने विचारल्यावर आठवले. “आन् थो थोरला सासरा, नागपूरवाला, लग्नाले आला नव्हता थो, त्याचं जमलं का घरी?” माझ्या नातीच्या सासऱ्यांना थोरला भाऊ आहे हेच क्षणभर माझ्या ध्यानात येईना. दिनकर ती नावे पत्रिकेतल्या क्रमाने एकामागून एक सांगत गेला. दमला, थांबला... मग म्हणाला, “संगणकाची नवी बाजू अर्धीच राह्यली, मास्तर. आपल्या आयीतले घरं सारे झाले. बाजारगल्लीवाले राह्यले. राजूले सांगा, कुलूप काढू नको म्हणा.” मी म्हणालो, सांगतो. सांगितले नाही. आता ऐकतो की राजेंद्र तो संगणक पुसून, साफ करून शाळेला देणार आहे. बाबांनी शेवटी त्यात काय गोंधळ करून ठेवला कोणास ठाऊक, असे त्याचे म्हणणे. राजेंद्र, हे तुझ्यासाठी लिहितो आहे : त्यात गोंधळ नाही. पुसू नकोस. काय केले आहे हे समजत नसेल तर माझ्याकडे ये, आपण दोघे बसून पाहू. तुझ्या बापाने तिथे काम अर्धे सोडले ते विसरला म्हणून नाही. तू किल्ली घेतलीस म्हणून. आणि तू किल्ली घेतलीस ती माझ्या वाक्यावर.

ते वाक्य खोटे कसे, हे आता सांगतो. पत्रिकेचा मजकूर छपाईला न्यायचा तो दिवस अमडापूरच्या बाजाराचा होता. खामगावच्या छापखान्यात मजकूर त्याच दुपारी पोचला नाही तर पुढचे चार दिवस यंत्र मोकळे नव्हते, आणि दीडची एसटी गाठायची होती. मी दुकानात शिरलो तेव्हा एक वाजून गेला होता. कोपऱ्यातल्या घड्याळात साडेसात-पावणेआठ झाले होते. दिनकर जुन्या बाजूत दुसऱ्या कोणाचे काम करीत बसला होता. आमची पत्रिका त्याने नव्या बाजूत पूर्वीच नीट लावून ठेवली होती : बंधूंचे नाव वर, ‘कै.’सह; निमंत्रकांत पहिला अशोक. फक्त अक्षर कोणते घ्यावे आणि गणपती किती मोठा असावा हे मला दाखवण्यासाठी त्याने माझ्या मुलीच्या लग्नाची जुनी पत्रिका उघडली, तीत नव्या वधूवरांची नावे, तिथी आणि मुहूर्त घातला आणि एक कागद काढून माझ्या हातात दिला.

“अक्षर पाहून घ्या, मास्तर. हा नुसता नमुना हाय. यात तुमचे दादा अजून जित्ते हायेत. खरा मजकूर तिकडं हाय. बसा, फिरून चालू करतो.”

“किती वेळ?”

“चार मिनिटं.”

“चार मिनिटे तिकडे जायला, आणि मग कागद काढायला पुन्हा इकडे यायचे. एसटी निघून जाईल.” मी तोवर कागद वाचू लागलो होतो. वधूचे नाव, वराचे नाव, तिथी, वार, स्थळ. एके ठिकाणी उकार चुकला होता. तो मी खिशातल्या लाल पेनाने दुरुस्त केला आणि चूक सापडल्याच्या समाधानात बाकीच्या कागदावरून नजर फिरवली. “सगळे बरोबर आहे. हाच देतो.”

“मास्तर, थांबा न. थो नाई हाय हा. ऐका तं खरं...”

त्याने संगणक बंद केला होता. पडदा काळा झाला होता. मी कागदाची घडी घातली आणि बाहेर पडलो. तो दुकानाच्या पायरीपर्यंत मागे आला, बाजाराच्या गर्दीतून दोनदा हाक मारली. दोन्ही हाका मला ऐकू आल्या होत्या. चांभारवाड्याच्या कोपऱ्यावरून मी हात वर केला, म्हणजे समजले अशा अर्थाने, आणि एसटी पकडली.

घरच्या माणसाने वाचून सही केल्याशिवाय तो छापखाना कोणाचीही पत्रिका यंत्रावर चढवीत नाही, आणि छपाई झाली की सहीचा कागद गठ्ठ्यात वर ठेवून परत पाठवतो. तो कागद माझ्याकडे आहे. लग्नाच्या आधीपासून माझ्याकडे आहे. त्याच्या तळाशी लाल शाईत लिहिले आहे, ‘मजकूर शब्दशः वाचला. बरोबर आहे. छापावे.’ आणि त्याखालची सही माझी आहे.